दोघींच्या नावाने बुक केलेलं बरन

आयर्लंडला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक डब्लिन बघतात, समुद्रावरचे ते उंच कडे बघतात आणि परत येतात. मी गेले बरनला. देशाच्या पश्चिमेला क्लेअर नावाचा जिल्हा आहे, त्याच्या उत्तर टोकाला हा भाग येतो. मैलोन्‌मैल राखाडी चुनखडीचा दगड, त्यात बोटभर ते हातभर रुंदीच्या भेगा, आणि त्या भेगांमध्ये फुलं. अधूनमधून पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी, मोडलेले मठ, गोल दगडी गढ्या. चालायच्या वाटा खुणा लावून आखलेल्या. गावं लहान, माणसं कमी. मला हेच हवं होतं, कारण तिथे मला माझ्या मुलीशी बोलायचं होतं.

काय बोलायचं होतं ते आधीच सांगते. आम्ही तेवीस वर्षं अबुधाबीत आहोत, त्यातली अकरा अल रीम आयलंडवर, सत्ताविसाव्या मजल्यावर. माझ्या नवऱ्याचं, शिरीषचं, कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टअखेर संपतंय आणि या खेपेला ते वाढणार नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर. सप्टेंबरपासून आम्ही पुण्याला. सानिका दोन वर्षांची असताना अबुधाबीला आली. आता पंचवीस वर्षांची आहे आणि डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करते. तिची खोली ती गेली तशीच ठेवलेली आहे. घर बंद होणार हे तिला माहीत नव्हतं.

"फोनवर नको," शिरीष म्हणाला होता. "तू समोर बसून सांग, तुला जमतं. मी सांगायला गेलो तर तीच मला समजावत बसेल."

मी एका शाळेच्या ऑफिसमध्ये बसगाड्यांचं आणि वेळापत्रकाचं काम बघते. ईदच्या सुट्टीला जोडून पाच दिवस रजा काढली, चार दिवसांचा तक्ता केला, सगळं दोघींच्या नावाने बुक केलं. तक्त्यात चौथ्या दिवशी, मुलामोरच्या डोंगरावरच्या चालीपुढे लिहिलं होतं: सानिकाला सांगणे.

पहिला दिवस, बॅलीवॉन

डब्लिनला विमान उतरलं आणि फोन चालू केला तर सानिकाचा मेसेज होता. "आई, सो सॉरी, रिलीज अडकलंय, आज निघता येत नाही. तू पुढे जा. उद्या संध्याकाळच्या बसने नक्की येते."

बुकिंग रद्द होणारं नव्हतं. मी पुढे गेले. गॉलवेपर्यंत बस, तिथून भाड्याची गाडी. जाणाऱ्यांसाठी सांगते, गाडी छोटीत छोटी घ्या. बॅलीवॉनकडे जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने वळतो आणि दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं अशी अंगावर येतात की आपण श्वास आत ओढून घेतो, जणू त्याने गाडी बारीक होणार आहे.

मुक्काम एका घरात होता. मालकीणबाई नोरा, सत्तरीच्या, सडसडीत, सतत हातात काहीतरी फडकं. त्यांनी दार उघडलं, माझ्या मागे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"दोघी येणार होतात ना?"

"मुलगी उद्या येतेय."

"मग आज दोन पलंगांपैकी चांगला तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "खिडकीकडचा. दुसऱ्याची गादी मधे खोल गेलीय. मुलीची पाठ तरुण आहे."

संध्याकाळी गावातल्या खानावळीत माशांचं सूप घेतलं. दुधातलं, घट्ट, त्यात बटाट्याच्या फोडी आणि धुरी दिलेला मासा. सोबत काळपट जाड पाव आणि लोण्याचा एवढा मोठा गोळा. आपल्याला मिठामिरीची सवय, पहिला घास मिळमिळीत लागतो. तिसऱ्या घासाला कळतं की हे थंडीचं जेवण आहे आणि बाहेर जूनमध्येही थंडी आहे. दुबईतल्या करामाच्या बाजारातून सानिकासाठी शेंगदाण्याची चटणी आणि चकल्या आणल्या होत्या. चटणीची पिशवी पर्समध्ये होती, पण ती फोडली नाही. तिच्यासाठी होती.

रात्री साडेदहापर्यंत उजेड जात नाही. तोपर्यंत खोलीत बसून रिकाम्या पलंगाकडे बघायचं नसेल तर काय करायचं, हे तक्त्यात नव्हतं.

दुसरा दिवस, पोलनाब्रोन

अबुधाबीत राहणाऱ्या माणसाची एक सवय असते. घराबाहेर जे काही करायचं ते सूर्य वर यायच्या आत करायचं. मे ते सप्टेंबर सकाळी नऊनंतर बाहेर चालणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा त्याला पर्याय नसतो. त्यामुळे पुरातन थडगं बघायला मी पहाटे साडेचारला उठले, चार लिटर पाणी घेतलं, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, आणि जिना उतरले. खाली नोरा गाऊनवर कोट चढवून उभ्या होत्या.

"घराला आग लागलीय का?"

"नाही, पोलनाब्रोन बघायला चाललेय. ऊन व्हायच्या आत."

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. राखाडी, तिथल्या दगडासारखंच. "इथे ऊन झालं तर आम्ही शेजाऱ्यांना फोन करून सांगतो," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या. मी मात्र निघाले. ठरवलं होतं म्हणून.

पोलनाब्रोनला गाडीतळावर माझी एकटीची गाडी होती. तापमान नऊ. वारा असा की टोपी पहिल्या मिनिटाला उडाली आणि एका भेगेत जाऊन पडली. हात खांद्यापर्यंत घातला तरी पोचेना. ती तिथेच आहे.

थडगं म्हणजे दोन-तीन उभे दगड आणि त्यांच्यावर तिरपी ठेवलेली एक प्रचंड शिळा. लांबून बघितलं तर एखादं टेबल, जवळ गेल्यावर आपल्याहून उंच. चुनखडीच्या उघड्या पठारावर दुसरं काहीच नाही, म्हणून ते आहे त्याहून मोठं वाटतं. फलकावर लिहिलंय की उत्खननात तीसहून जास्त माणसांची हाडं सापडली, त्यात मुलंही होती. सगळे एकाच वेळी ठेवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या लोक आपली माणसं तिथे आणत राहिले. मी ते दोनदा वाचलं.

मग आठवलं की आमच्याकडे अल ऐनजवळ, जबल हफीतच्या पायथ्याशी, एवढीच जुनी थडगी आहेत. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, दगडाची. अबुधाबीपासून गाडीने दोन तास. डोंगरावर चहा प्यायला आम्ही किती वेळा गेलो, पण त्या फाट्याला गाडी कधी वळवली नाही. सानिका शाळेत असताना दर वर्षी ठरायचं. "या हिवाळ्यात नक्की." हिवाळे तेवीस झाले.

भेगांमध्ये निळी फुलं होती. जेन्शियन म्हणतात. करंगळीच्या पेराएवढी, पण निळा रंग असा गडद की शाळेच्या युनिफॉर्मवर शाई सांडल्यासारखा. फोटो काढला, सानिकाला पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं. "वॉव. इतक्या सकाळी?? आई, यू आर मॅड. उद्या येते, प्रॉमिस."

म्हणजे आज नाही.

परतले तेव्हा नाश्त्याच्या टेबलावर दोन ताटल्या, दोन कप, दोन अंड्यांची भांडी होती. नोरांनी बुकिंगप्रमाणे मांडलं होतं. मी एकीपुढे बसले. त्यांनी दुसरी ताटली उचलली नाही.

दुपारी खाडीत कयाक होती, तीसुद्धा दोघींची, मागेपुढे बसायची. शिकवणारी मुलगी ऑइफा, विशीची, म्हणाली, "मागे मी बसते." तिने पाऊण तास मला सील दाखवले. पाण्यातून गोल डोकी वर यायची, आमच्याकडे बघायची आणि कंटाळल्यासारखी खाली जायची. ऑइफा म्हणाली, "तुम्ही खूप सरळ वल्हवता. बहुतेक आया मुलींशी भांडत गोल गोल फिरतात." मी हसले. मला गोल फिरायला चाललं असतं.

तिसरा दिवस, कॉर्कमरो

आजची गोष्ट गाडी चालवणाऱ्यांनी लक्ष देऊन वाचावी.

कॉर्कमरोचा मठ शोधत मी एका अरुंद रस्त्यावर शिरले. रस्ता एकाच गाडीचा, मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर आला, थांबला आणि त्याने दोनदा हेडलाइट मारला. आमच्याकडे, अबुधाबी-दुबईच्या हायवेवर, दिवा मारला म्हणजे एकच अर्थ: बाजूला हो. नाही झालात तर मागचा आणखी जवळ येतो, इतका की आरशात त्याची नंबरप्लेट दिसेनाशी होते. तेवीस वर्षांत तो दिवा दिसला की माझा पाय आपोआप हलतो. मी गाडी रिव्हर्सला टाकली.

ट्रॅक्टरने परत दिवा मारला. मी आणखी मागे गेले. तो पुढे आला नाही, फक्त दिवा मारत राहिला. मी घाबरून शंभर-दीडशे मीटर मागे गेले आणि डावं मागचं चाक गटारात गेलं.

ट्रॅक्टरवरून एक गृहस्थ उतरले. साठीचे, गमबूट, स्वेटरला कोपरावर भोक. चालत माझ्या खिडकीशी आले आणि वाकून म्हणाले, "बाई, मी तुमचं काय वाईट केलं?"

"तुम्ही दिवा मारलात."

"हो. तुम्ही या म्हणून. माझ्या बाजूला फाटक होतं, मी आत वळणार होतो."

मी त्यांना आमच्या दिव्याचा अर्थ सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, शेतीच्या एखाद्या नव्या अवजाराबद्दल ऐकावं तसं.

"आणि हटलं नाही तर?"

"तर आणखी जवळ येतात."

"आणि मग?"

"मग आपण हटतोच."

"दमायला होत असेल," ते म्हणाले.

त्यांचं नाव मार्टिन. साखळी लावून दोन मिनिटांत गाडी वर काढली. मग घाई नसल्यासारखे कुंपणाला टेकून उभे राहिले. समोरच्या डोंगराकडे बोट करून म्हणाले की सगळं जग गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतं, बरनमधली माणसं हिवाळ्यात नेतात. हा दगड उन्हाळाभर ऊब धरून ठेवतो आणि हिवाळ्यात सोडतो, त्यामुळे वरचं गवत खाली मिळतं त्यापेक्षा कोरडं आणि चांगलं. मी म्हटलं, आम्हीही तसेच. आमची सगळी माणसं हिवाळ्यातच बाहेर पडतात.

"एकट्याच फिरताय?"

"मुलगी येतेय," मी म्हटलं. मालकीणबाई, कयाकवाली, खानावळीतला वेटर, आणि आता हे. तीन दिवसांत हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की तोंडपाठ झालं होतं.

"येईल," मार्टिन म्हणाले, आणि जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. इथे समोरून येणारा प्रत्येक जण ते बोट उचलतो, ओळख असो नसो. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये अकरा वर्षं भेटणारी माणसं आहेत ज्यांचं नाव मला माहीत नाही. पुढच्या दोन दिवसांत मीही बोट उचलायला शिकले. आधी उशीर व्हायचा, गाडी निघून गेल्यावर उचललं जायचं.

कॉर्कमरोचा मठ शेतांच्या मधे एकटा उभा आहे. आठशे वर्षांपूर्वी साधूंनी बांधला, आणि त्याला नाव दिलं सुपीक खडकाची माता. मधला भाग उघडा, वर आभाळ. एका खांबाच्या डोक्यावर कोरलेली फुलं बोटाने चाचपून बघितली, अजून पाकळ्या लागतात. आत आणि भोवती कबरी आहेत, जुन्या आणि अगदी अलीकडच्याही. एका नव्या कबरीवर ताजी फुलं आणि कुणीतरी ठेवलेला शाळकरी डबा. मी तिथे बराच वेळ बसले. माणसांनी एखाद्या जागेला इतकी वर्षं धरून राहावं याचं मला नवल वाटत होतं, आणि थोडा हेवाही.

संध्याकाळी सानिकाचा फोन. "आई, उद्या सकाळची बस. बुक केलीय, स्क्रीनशॉट पाठवते."

"स्क्रीनशॉट नको. ये."

खाली नोरा इस्त्री करत होत्या. मी सांगितलं, उद्या नक्की. त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपता ती माझ्या मुलाची खोली. तो पर्थला असतो, पंधरा वर्षं झाली. येतो तेव्हा तिसऱ्या दिवशी विचारतो, आई, इंटरनेट इतकं हळू का. तरी मी खोली दुसऱ्या कशाला वापरत नाही. फक्त पाहुण्यांना देते. म्हणजे तो आला की पाहुण्यांना सांगता येतं, आज जागा नाही."

त्या शर्टाची कॉलर दाबत होत्या. मला एवढंच सुचत होतं की असं एक वाक्य मला सप्टेंबरनंतर कधीच म्हणता येणार नाही.

चौथा दिवस, मुलामोर

बस वेळेवर आली. सानिका बारीक झालीय आणि केस कापलेत. मिठी मारली, मग माझी पिशवी उचलली. "आई, यात काय आहे? चार लिटर पाणी? इथे पाऊस पडतो, पाणी वरून येतं."

नोरांच्या टेबलावर दुसऱ्या ताटलीत पहिल्यांदा अंडं पडलं. नोरांनी टोस्ट जरा जास्त आणले. सानिकाने चटणीची पिशवी तिथेच फोडली आणि लोण्याच्या पावावर भुरभुरवली. नोरांनीही चव घेतली, खोकल्या, आणि म्हणाल्या, "अजून थोडी."

मुलामोर हा डोंगर म्हणजे कुणीतरी दगडाचा जाड कागद घडी घालून सोडून दिल्यासारखा आहे, थर वळलेले, वाकलेले. पायथ्याशी छोटं तळं. फेरीची वाट तीन तासांची. दगड पायाखाली हलतात, भेगांत पाय अडकतो, बूट घोट्याच्या वर असलेलेच घाला. सानिका पुढे, मी मागे. ती भराभरा चालत होती, थांबत नव्हती. मी तीनदा म्हटलं, "जरा बसू या." तिन्हीदा ती म्हणाली, "वर बसू."

वर पोचलो. बसलो. वारा कमी होता. मी पाण्याची बाटली उघडली आणि म्हटलं, "सानू, एक सांगायचंय."

"मला माहितीये."

"काय माहितीये?"

"घर. बाबांनी सांगितलं. तू फ्लाइटमध्ये होतीस तेव्हा." ती तळ्याकडे बघत होती. "त्यांना राहवलं नाही. रडत होते, आई. मी त्यांना समजावत होते."

शिरीषवर चिडायला मला वेळ मिळाला नाही, कारण दुसरी गोष्ट आधी लक्षात आली. "म्हणजे रिलीज वगैरे..."

"रिलीज होतं. पण बुधवारीच झालं, तू पोचलीस त्याच रात्री." मग इंग्रजीत बोलली, मनातलं बोलायचं असलं की ती इंग्रजीत बोलते. "आय थॉट, मी आलेच नाही तर तुला सांगता येणार नाही. आणि तू सांगितलं नाहीस तर... आय नो. स्टुपिड आहे."

"तीन दिवस मी दोघींचा नाश्ता बघत बसले," मी म्हटलं. "कयाकमध्ये तुझ्या जागी दुसऱ्याची मुलगी होती. गाडी गटारात घातली."

"गटारात? कशी?"

मी दिव्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कोट ओला होता.

मग मी वही काढली. तिच्या खोलीतल्या वस्तूंची यादी केली होती, तीन रकाने: पुण्याला न्यायचं, डब्लिनला पाठवायचं, देऊन टाकायचं. सानिकाने ती वरपासून खालपर्यंत वाचली. पुस्तकं, कीबोर्ड, शाळेची पदकं, सहावीत भिंतीवर लावलेला जगाचा नकाशा.

"यू मेड अ शीट," ती म्हणाली. "ऑफ कोर्स यू मेड अ शीट."

"मग सगळं आठवणार कसं?"

"सगळं देऊन टाक. पण मला एकदा यायचंय. रिकामं व्हायच्या आत."

"ये की. ऑगस्टमध्ये ये. पंचेचाळीस डिग्री असतील, बाहेर कुठे जाता येणार नाही."

"मला बाहेर नाही जायचं. घरात बसायचंय." मग ती म्हणाली, "पण कशी येणार? माझा रेसिडन्स व्हिसा गेला ना, आई. सहा महिने बाहेर राहिलं की रद्द. मी आता टूरिस्ट आहे."

आमच्या घरचे सगळे कागद मी बघते. पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, कुणाचं काय कधी संपतं, सगळं माझ्याकडे तारखेनिशी असतं. तिचा रेसिडन्स गेला ती तारीखसुद्धा मी लिहून ठेवली होती. तरी तिचं ते वाक्य ऐकून मी असं बघितलं असावं की तिनेच माझा हात धरला.

"तू माझा व्हिसा काढशील?"

"काढेन."

उतरताना ती मागे होती आणि मी पुढे. दोनदा म्हणाली, "आई, सावकाश."

अबुधाबी

परत येऊन तीन आठवडे झाले. बरनला जाणाऱ्यांना लागणारी माहिती वर दिलीच आहे. आणखी एकच: जून चांगला, पण वाऱ्याचं जाकीट न्या, आणि टोपीला दोरी असू द्या.

शुक्रवारी सकाळी मी सानिकाच्या व्हिजिट व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन भरायला बसले. नाव, पासपोर्ट, नागरिकत्व. येण्याचं कारण: पर्यटन. मुक्कामाचा पत्ता मी न बघता टाइप केला, इमारतीचं नाव आणि २७०४. येण्याची तारीख, बारा ऑगस्ट. पुढचा रकाना परतीच्या तारखेचा होता. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी तिला फोन लावला.

"किती दिवस लिहू? तुझी सुट्टी किती आहे?"

"सुट्टी दहा दिवस आहे. मॅक्सिमम किती देतात?"

"तीस."

"मग तीस घाल."

"अगं, पण तू दहाच दिवस..."

"आई, प्लीज. तीस घाल."

फ्लॅटच्या किल्ल्या आम्हाला एकतीस ऑगस्टला द्यायच्या आहेत. तिसावा दिवस दहा सप्टेंबरला येतो. तोपर्यंत सत्ताविसाव्या मजल्यावरचं ते दार आमच्या किल्लीने उघडणार नाही, आम्ही पुण्याला असू आणि सानिका डब्लिनला. आजवर कुठल्याही कागदावर मी खोटी तारीख भरलेली नाही, शाळेच्या बसच्या रजिस्टरमध्येही नाही.

मी दहा सप्टेंबर लिहिलं आणि पुढे गेले.